वस्ती सुधारली की वस्ती बदलली?

गरीब वस्तीतल्या जुन्या, वारसा म्हणून जपण्याजोग्या इमारतीभोवती परांची उभी राहिली की पुढे दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. सुरुवातीची काही वर्षं त्या ओळखू येत नाहीत इतक्या सारख्या दिसतात. दोन्हीकडे चुन्याचा गिलावा, दुरुस्त केलेल्या लाकडी खिडक्या, धुऊन काढलेला दगड. एकीकडे तिथलीच माणसं चांगल्या घरात राहू लागतात. दुसरीकडे घरं चांगली होतात आणि माणसं निघून जातात. या दुसऱ्या प्रकाराला ‘जेंट्रिफिकेशन’ म्हणतात. लंडनच्या कामगार वस्त्यांमधली घरं मध्यमवर्ग घेऊ लागला, तेव्हा १९६४ साली समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी हे नाव दिलं. प्रकल्पाच्या कागदांवर मात्र दोन्हींना ‘पुनरुज्जीवन’च म्हटलेलं असतं.

घोटाळ्याचं मूळ ‘किंमत वाढली’ या वाक्यात आहे. परिसर सुधारला, मालमत्तेचे भाव चढले, म्हणजे वस्तीचं भलं झालं असं धरलं जातं. पण चढलेला भाव घरमालकाच्या खात्यात जमा होतो आणि भाडेकरूच्या खात्यातून वजा होतो. गरीब वस्त्यांत बहुतेकजण भाडेकरू असतील, तर ‘समाजाला झालेला लाभ’ नेमका कोणाला झाला हे विचारायलाच हवं.

मलेशियातल्या पेनांगचं जॉर्ज टाउन पाहा. तिथल्या जुन्या दुकान-घरांत छोटे व्यावसायिक आणि कारागीर पिढ्यान् पिढ्या नियंत्रित भाड्यावर राहत होते. १९९७ मध्ये भाडेनियंत्रण कायदा रद्द झाला आणि २००० पासून भाडी मोकळी झाली. अनेक जुन्या भाडेकरूंना बाहेर पडावं लागलं. २००८ मध्ये शहराला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यानंतर पर्यटन वाढलं आणि कितीतरी इमारतींत हॉटेलं, कॅफे आले. इमारती वाचल्या यात शंका नाही, आणि तेही काही कमी नाही. पण ज्या जगण्यासाठी त्या बांधल्या गेल्या होत्या, ते त्यांतून बरंचसं निघून गेलं.

याउलट इटलीतलं बोलोन्या. १९७३ च्या योजनेत नगरपालिकेने जुन्या शहरातली मोडकळीला आलेली घरं सार्वजनिक गृहनिर्माणाच्या पैशातून दुरुस्त करायचं ठरवलं. नवी घरं शहराबाहेर बांधण्यासाठी असलेला कायदेशीर मार्ग नगरपालिकेने जुन्या घरांकडे वळवला, ही त्यातली खरी हुशारी. काम चालू असताना रहिवाशांना तात्पुरती घरं दिली. घरं सक्तीने ताब्यात घेण्याचा मूळ विचार विरोधामुळे सोडावा लागला. त्याऐवजी मालकांशी करार झाले: दुरुस्तीला मदत घ्या, पण भाडं ठरल्याप्रमाणेच ठेवा. ही तडजोड होती, आणि माझ्या मते आजही तीच सर्वांत नक्कल करण्याजोगी आहे. करारांना मुदत असते हा तिचा कच्चा दुवा.

इजिप्तमधल्या कैरोच्या दर्ब अल-अहमर या जुन्या वस्तीत आगा खान ट्रस्ट या संस्थेने आणखी एक धागा जोडला: रोजगाराचा. पिढ्यान् पिढ्यांच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर अल-अझहर उद्यान उभारताना बाराव्या शतकातली, अय्युबी राजघराण्याच्या काळातली तटबंदी उघडी पडली. तिच्या आणि शेजारच्या वास्तूंच्या दुरुस्तीत वस्तीतल्या तरुणांना गवंडीकाम, सुतारकाम, दगडकाम शिकवलं गेलं. सोबत घरदुरुस्तीला मदत आणि छोटी कर्जं होती. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत नव्या बांधकामापेक्षा मजुरीचा वाटा मोठा असतो, त्यामुळे पैसा जवळपास राहण्याची शक्यता वाढते. पण मजूर बाहेरून आणले तर हाही लाभ परांचीबरोबरच उतरवून नेला जातो.

कोणी म्हणेल, मग हातच लावू नका. तोही न्याय नव्हे. गळकं छत आणि जीर्ण जिना भाडं कमी ठेवतात हे खरं, पण त्याची किंमत रहिवासीच मोजतात, कधीकधी जिवानिशी.

तेव्हा फरक दगडमातीत नाही, अटींत शोधावा लागतो. कामाच्या काळात लोक कुठे राहणार आणि परतीचा हक्क लेखी आहे का? भाडं किती वर्षांसाठी बांधलेलं आहे? तळमजल्यावरचा शिंपी, न्हावी, दळणवाला परत येऊ शकेल का? (हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो.) अमेरिकेत हा भेद कायद्यातच दिसतो. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीखर्चावर तिथे २० टक्के करसवलत मिळते, पण आत कोण राहणार याबद्दल ती सवलत काहीच म्हणत नाही. अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठीची करसवलत वेगळी आहे, १९८६ च्या कायद्यातून आलेली. तिच्यात भाड्यावर आणि भाडेकरूच्या उत्पन्नावर मर्यादा असतात. एकाच इमारतीला दोन्ही घेता येतात. विकासकाने फक्त पहिलीच घेतली असेल, तर भाड्याला लगाम घालणारं दुसरं काही कागदावर आहे का, ते शोधायचं.