जुनी सर्वो मोटर घेताना आधी एन्कोडर बघा

कारखान्यातलं एखादं यंत्र मोडीत निघतं, तेव्हा त्यातल्या सर्वो मोटरी बऱ्याचदा धडधाकट असतात. कंट्रोलर कालबाह्य झालेला असतो, किंवा त्या यंत्रावर होणारं उत्पादनच बंद पडलेलं असतं. अशी मोटर घरच्या छोट्या मिलिंग मशीनला बसवली, की हाताने फिरवायच्या चाकाची जागा संगणक घेतो. पण घ्यायला जाणारे बहुतेक जण नेमप्लेटवरचे वॉट वाचतात आणि तिथेच थांबतात. माझ्या मते आधी बघायचा तो मागच्या टोपीखालचा एन्कोडर, म्हणजे शाफ्ट किती फिरला हे मोजणारा भाग.

घरगुती सीएनसीत, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनमध्ये, सहसा एकेका पायरीने फिरणारी स्टेपर मोटर असते. तिच्या एका फेरीत २०० पायऱ्या असतात. जेवढे पल्स पाठवले तेवढी ती फिरली, असं कंट्रोलर धरून चालतो. कटर धातूत अडकला आणि चार पायऱ्या हुकल्या, तरी त्याला पत्ता लागत नाही. पुढचं सगळं काम तेवढं सरकून होतं. सर्वोचा शाफ्ट कुठे आहे, हे मात्र एन्कोडर सतत कळवत असतो. हवी ती जागा आणि खरी जागा यांत फरक दिसला, की ड्राइव्ह (मोटरीला करंट पुरवणारा भाग) त्यानुसार करंट वाढवतो. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर मशीनच थांबवतो. काम बिघडण्याआधी थांबणारं मशीन मिळतं, हा मला सर्वोचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

एन्कोडरच्या चकतीवर २५०० रेषा असतील, तर एका फेरीत १०,००० नोंदी मिळतात. कारण ए आणि बी हे दोन सिग्नल एकमेकांपासून पाव चक्र सरकलेले असतात आणि दर रेषेमागे चार बदल मोजता येतात. बॉलस्क्रू, म्हणजे मोटरीच्या फिरण्याने टेबल सरळ सरकवणारा स्क्रू, एका फेरीत ५ मिलिमीटर सरकवणारा असेल, तर एक नोंद म्हणजे अर्धा मायक्रॉन. अर्थात वस्तू इतकी अचूक होत नाही. एन्कोडर मोटरवर बसलेला असतो. बॉलस्क्रूच्या नटमधला ढिलेपणा किंवा टेबलाचा वाक त्याला दिसत नाही.

आता अडचणीची बाजू. नव्या पिढीच्या कितीतरी मोटरींचा एन्कोडर ए-बी सिग्नल देतच नाही. तो आकड्यांच्या भाषेत बोलतो, आणि ती भाषा बहुधा त्या-त्या कंपनीची स्वतःची असते. अशी मोटर घ्यायची तर तिचा ड्राइव्ह आणि मोटरीची व एन्कोडरची अशा दोन्ही केबल सोबतच घ्या. नुसती मोटर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. साधा ए-बी एन्कोडर असेल, तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्हही चालवता येतो.

मागची टोपी काढून आत डोकावा, पण एन्कोडरचे स्क्रू सैल करू नका. एसी सर्वोत कोणत्या क्षणी कोणत्या वाइंडिंगमध्ये करंट सोडायचा, हे रोटरवरच्या चुंबकांच्या स्थितीवरून ठरतं, आणि बऱ्याच मोटरींत एन्कोडर त्या स्थितीशी जुळवून बसवलेला असतो. आठ ध्रुवांच्या मोटरीत तो २२.५ अंश सरकला, तर विद्युत कोन ९० अंशांनी चुकतो. करंट पूर्ण वाहतो, मोटर तापते, टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र शून्य. त्याहून जास्त सरकला, तर मोटर उलटीच ओढते.

शाफ्ट हाताने फिरत नाही म्हणून मोटर जाम आहे असं ठरवू नका; आत ब्रेक असू शकतो. तो स्प्रिंगने आवळलेला असतो आणि बहुधा २४ व्होल्ट डीसी दिल्यावर सुटतो. ब्रेक सुटल्यावर ब्रशवाल्या डीसी मोटरीची एक सुंदर परीक्षा करता येते. ड्रिलने शाफ्ट फिरवा आणि दोन वायरींवर मल्टिमीटर लावा. मिनिटाला १००० फेऱ्यांना ५० व्होल्ट आले, तर ती दर अँपिअरमागे सुमारे ०.४८ न्यूटन-मीटर टॉर्क देईल. जनित्र म्हणून निघणारं व्होल्टेज आणि मोटर म्हणून मिळणारा टॉर्क, दोन्हींच्या मुळाशी एकच स्थिरांक असतो. नेमप्लेट पुसली गेली असली तरी हा आकडा हाती येतो.

पहिल्यांदा वीज देताना मोटर बाकाला बोल्टने आवळा, बॉलस्क्रूला जोडू नका आणि करंटची मर्यादा अगदी कमी ठेवा. एन्कोडरच्या ए-बी वायरींची अदलाबदल झाली, तर ड्राइव्ह चूक सुधारायला जातो आणि ती वाढवत नेतो. मोटर क्षणात पूर्ण वेगाने सुटते. २३० व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो, म्हणून मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नका.

ब्रेकवाली मोटर मिळाली असेल, तर ती झेड अक्षासाठी, म्हणजे वर-खाली सरकण्यासाठी, राखून ठेवा. बॉलस्क्रू वजनाने आपोआप उलटा फिरतो, त्यामुळे वीज गेली की कटर फिरवणाऱ्या स्पिंडलचं डोकं खाली सरकत कामावर टेकतं. त्याला जागच्या जागी धरून ठेवणं हेच त्या ब्रेकचं काम.