क्षारपड जमिनीसाठी विकिरणित बियाणे : पार्श्वभूमी

१९२७ साली हर्मन मुलर यांनी फळमाशीवर क्ष-किरण सोडून आनुवंशिक बदल घडवता येतात हे दाखवले. पुढच्याच वर्षी लुईस स्टॅडलर यांनी तेच बार्लीवर सिद्ध केले. क्षारपड जमीन तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. ब्रिटनमध्ये ‘मेथॉर्प’ बार्लीला गॅमा किरण देऊन ‘गोल्डन प्रॉमिस’ वाण निघाले, तेही बुटक्या, न लोळणाऱ्या ताटासाठी. मूळ वाणापेक्षा ते पानांत सोडियम कमी साठू देते, हे बऱ्याच वर्षांनी तपासताना लक्षात आले. किरण खारेपणा ओळखत नाहीत. ते फक्त विविधता निर्माण करतात. निवड माणसालाच करावी लागते.

सोलापूरला हा विषय जवळचा झाला तो कालव्यांमुळे. माळशिरसकडे नीरा उजवा कालवा होताच, १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठच्या भारी काळ्या जमिनीत ऊस पसरला. निचरा कमी, पाणी भरपूर. भूजल वर आले, उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरे मीठ फुटू लागले. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता (मीठ जास्त तितकी ही जास्त) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. उसाचे उत्पादन मात्र १.७ पासूनच घसरू लागते, भुईमुगाचे ३.२ पासून, ज्वारीचे ६.८ पासून. भुईमुगाचा उतार सर्वांत तीव्र: मर्यादेपुढच्या प्रत्येक डेसिसायमनला सुमारे २९ टक्के. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या उत्परिवर्तन (म्हणजे आनुवंशिक बदल घडवण्याच्या) कार्यक्रमातून आलेला भुईमुगाचा टीएजी-२४ वाण शेतकऱ्यांनी उचलला, पण तो लवकर येणारा, आटोपशीर झाडाचा म्हणून. त्यामुळे ‘विकिरणाचे वाण’ म्हणजे ‘खारे सोसणारे वाण’ ही समजूत चुकीची आहे.

आणखी एक गल्लत नेहमी होते. बियाणे विकिरणाच्या दोन वेगळ्या परंपरा आहेत. पहिली हलक्या मात्रेची, काही ग्रे ते काही दशक ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे माप). सोव्हिएत संघात फिरत्या गॅमा यंत्रांनी पेरणीपूर्वी अशी मात्रा दिली जाई. त्यातून कधी उगवण आणि रोपाची क्षार सोसण्याची ताकद वाढते, पण परिणाम वाण, बियाण्याचे वय आणि ओलावा यांनुसार बदलतो आणि पुढच्या पिढीत टिकेल असा भरवसा नसतो. दुसरी उत्परिवर्तनाची: ज्वारी-भाताला साधारण २०० ते ३०० ग्रे, म्हणजे जुन्या मापात २० ते ३० किलोरॅड.

दुसऱ्या वाटेत काम बिघडते ते बारीकसारीक गोष्टींत. बियाण्याचा ओलावा १२ ते १४ टक्के हवा. फार कोरडे बी त्याच मात्रेत जास्त होरपळते. गॅमा किरण देणाऱ्या कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे, म्हणजे स्रोत महिन्याला सुमारे एक टक्का क्षीण होतो. जुन्या तक्त्यावरून वेळ लावली तर मात्रा कमी पडते. (अशा गॅमा किरणांनी बी किरणोत्सर्गी होत नाही.)

पहिली पिढी चांगल्या जमिनीतच पेरावी. ही रोपे आधीच खुरटलेली असतात, काहींच्या पानांवर पांढरे-पिवळे पट्टे दिसतात. त्यातच खारेपणाचा ताण दिला तर हाती काही उरत नाही. शिवाय अप्रभावी गुण दिसतात ते दुसऱ्या पिढीत. ज्वारीत थोडे परपरागीभवन होते, म्हणून कणसांना फुलोऱ्याआधी पिशव्या घालाव्याच लागतात.

दुसऱ्या पिढीची चाळणी ट्रेमध्ये करताना लिटरला ५.८५ ग्रॅम मीठ हे अंतिम प्रमाण चालते, पण तिथे तीन-चार दिवसांत टप्प्याटप्प्याने पोहोचावे. एकदम दिले तर धक्का सोसणारी रोपे निवडली जातात, खारेपणा सोसणारी नव्हे. शेतात चार पावलांवर खारेपणा बदलतो, त्यामुळे दर दहा ओळींमागे मूळ वाणाची एक ओळ हवीच.

सोलापूरकडे सगळ्यांत मोठी अडचण चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या जमिनीची. मिठाच्या पाण्यात टिकलेले रोप तिथे बसकण मारते, कारण सोडियमने चिकणमातीचे कण विखरून छिद्रे बुजतात आणि मुळांना हवा मिळत नाही. अशा जमिनीसाठीची चाचणी त्याच मातीत घ्यावी लागते, आणि जिप्सम व चर काढून निचरा केल्याशिवाय निवडलेल्या वाणालाही तिथे पाय रोवता येत नाहीत.