सौर व भूचुंबकीय क्रिया आणि हिवाळी वातावरणीय अभिसरण

सूर्याच्या बदलत्या क्रियेचा हिवाळ्यातील वाऱ्यांच्या व वायुदाबाच्या मांडणीवर होणारा परिणाम. सूर्यावरील डाग साधारण ११ वर्षांच्या चक्राने कमीजास्त होतात. या चक्रात पृथ्वीला मिळणारी एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्का बदलते आणि तेवढ्याने कुठलाच हिवाळा पालटत नाही. खरा फरक जंबुपार (अतिनील) किरणांत पडतो, तोही काही टक्क्यांचा. स्थितांबरातील, म्हणजे ढगांच्या थराच्या वरच्या वातावरणातील, ओझोन हे किरण शोषून तापतो. त्यामुळे उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या तापमानांतील तफावत वाढते, ध्रुवीय भोवऱ्याचे (हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या थंड हवेचे) पश्चिमी वारे जोर धरतात आणि हा बदल हळूहळू खाली उतरून उत्तर अटलांटिकवरील दाबाची ठेवण बदलू शकतो. डाग कमी असताना याच्या उलट घडण्याकडे कल असतो. २००९-१० चा युरोपातील कडक हिवाळा अशाच मंद काळानंतर आला. मात्र एका हिवाळ्यावरून नियम बांधता येत नाही. जर्मन हवामानशास्त्रज्ञ कारिन लाबित्स्के यांनी १९८७ मध्ये दाखवले, की विषुववृत्तावरील स्थितांबरात सुमारे २८ महिन्यांनी उलटणाऱ्या वाऱ्यांची दिशा पाहून हिवाळे वेगळे केले, तरच सूर्याशी असलेला संबंध नीट दिसतो.

भूचुंबकीय क्रियेची, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या खळबळीची, वाट निराळी. विद्युतभारित कण ध्रुवांजवळ वातावरणात शिरून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार करतात. ध्रुवीय रात्रीत ती खाली उतरून ओझोन नष्ट करतात. भूचुंबकीय क्रिया बहुधा डागांचा भर ओसरू लागल्यावर वाढते, म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजणे चूक ठरते. चुंबकीय नोंदी भारतात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून झाल्या. ट्राम विजेवर धावणार आणि विजेच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार म्हणून हे काम पुढे अलिबागला हलले.

बेळगाव सीमाभाग सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने हे कण इथल्या आकाशात सहसा उतरत नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची थंडी ठरते ती पठारावरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांनी आणि निरभ्र रात्रींनी. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की आभाळ भरते, रात्रीचा गारठा तुटतो, आणि शाळू-हरभऱ्याच्या रानात व काजूच्या मोहोरावर रोगकिडीची काळजी सुरू होते. सौर वादळाची बातमी आली की थंडीचे भाकीत सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांना आधार नाही. अटलांटिककडचा बदल पश्चिमी झोतवाऱ्यावाटे उत्तर भारतातील पश्चिमी विक्षोभांपर्यंत (पश्चिमेकडून येऊन हिवाळी पाऊस-हिम आणणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींपर्यंत) पोचू शकतो, पण बेळगावच्या तापमानात तो हवेच्या रोजच्या चढउतारांतून वेगळा काढणे फार अवघड.