फ्रेंच शाकाहारी पदार्थ आणि कोल्हापूरचे स्वयंपाकघर : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शाकाहारी घरात रातातुई (वांगे, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडीसारखी दिसणारी झुकिनी यांची फ्रेंच भाजी) किंवा पांढऱ्या सॉसमधल्या भाज्या केल्या, की तो परका प्रकार समजला जातो. त्या पदार्थांचा इतिहास पाहिल्यावर हा परकेपणा बराचसा गळून पडतो, असे मला मनापासून वाटते.

फ्रान्समध्ये बिनमांसाच्या स्वयंपाकाला वळण दिले ते व्रतांनी. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य असे; मध्ययुगात तर या काळात दूध, लोणी आणि अंडीही निषिद्ध होती. फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या कॅथेड्रलचा एक मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो, कारण व्रतात लोणी खाण्याची मुभा मिळावी म्हणून भाविकांनी भरलेल्या पैशातून तो उभा राहिला, असे सांगितले जाते. ला व्हारेन या फ्रेंच आचाऱ्याने १६५१ च्या आपल्या पाकग्रंथात मांसाच्या आणि बिनमांसाच्या दिवसांचे पदार्थ वेगवेगळे दिले. त्या दिवसांत मासे मात्र चालत, त्यामुळे आपल्याकडच्या अर्थाने ही शाकाहाराची परंपरा नव्हे.

नीस शहराच्या रातातुईतले वांगे मूळचे आपल्याच बाजूचे. संस्कृत ‘वातिंगण’ हा शब्द फारसी, अरबी आणि कातालान भाषांतून फिरत फ्रेंचमध्ये ‘ओबर्जिन’ झाला. टोमॅटो आणि ढोबळी मिरची अमेरिकेतून, म्हणजे १४९२ नंतरच, युरोपात पोहोचली. आपल्याकडेही ती तशीच बाहेरून आली. झुकिनी मिळाली नाही, तर कोवळा दोडका किंवा दुधी तिची जागा बऱ्यापैकी भरून काढतो. बटाट्याला १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेने खाण्यायोग्य ठरवले, त्यामागे पार्मांतिए या फ्रेंच औषधनिर्मात्याची खटपट होती.

चौदाव्या लुईच्या पदरी असलेल्या बेशामेलचे नाव मिळालेला पांढरा सॉस लोण्यात परतलेल्या मैद्याने दाट होतो, तर आपला पांढरा रस्सा नारळाच्या दुधाने आणि खसखशीने. गंगावेशेच्या दूध कट्ट्यावरचे म्हशीचे दूध गाईच्या दुधाहून बरेच सकस असल्याने या सॉसला मैदा थोडा कमीच घालावा. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन घरांतही तो चालतो.

दोन ठिकाणी मात्र सावध राहायला हवे. फ्रेंच कांद्याचे सूप परंपरेने गोमांसाच्या अर्कात होते, म्हणून ते भाज्यांच्या पाण्यातच करावे. आणि त्यावरचे पारंपरिक चीज वासराच्या जठरातील विकराने विरजलेले असते, त्यामुळे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच चीज घ्यावे.