खून का खून (१९३५)

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ या शोकात्मिकेवरून पारशी रंगभूमीच्या (पारशी मालकांच्या व्यावसायिक नाटकमंडळ्यांच्या) धाटणीत तयार झालेला हिंदुस्थानी बोलपट. निर्मिती मुंबईच्या स्टेज फिल्म कंपनीची. दिग्दर्शन सोहराब मोदी (१८९७–१९८४) यांचे आणि हॅम्लेटची भूमिकाही त्यांचीच. ऑफेलिया, म्हणजे हॅम्लेटची प्रेयसी झालेल्या नसीम बानू यांचा हा पहिला चित्रपट. हॅम्लेटची आई गर्ट्रूड हिची भूमिका नसीम यांच्या आई, गायिका शमशादबाई यांनी केली. चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नसल्याने त्याच्या शैलीविषयीची सारी विधाने नाट्यसंहिता आणि तत्कालीन वर्णने यांवर बेतलेली आहेत.

मूळ संहितेचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. पटकथेचे श्रेय मेहदी हसन ‘अहसन’ लखनवी यांना दिले जाते. त्यांचे ‘खून-ए-नाहक’ हे उर्दू रूपांतर आल्फ्रेड नाटक मंडळीने १८९८च्या सुमारास रंगभूमीवर आणले असे सामान्यतः मानतात. त्यात हॅम्लेटचा जहांगीर झाला, गाणी आली आणि पारशी नाटकाच्या प्रेक्षकाला हवे ते सारे आले. काही अभ्यासक चित्रपट थेट या नाटकावरून घेतला असे म्हणतात, तर काही मोदींच्या नाटकमंडळीत खेळून खेळून बदललेल्या प्रयोगसंहितेकडे बोट दाखवतात. पारशी मंडळ्यांत छापील संहितेला फारशी किंमत नसे. प्रयोगागणिक पदे वाढत, प्रवेश गळत. हे लक्षात घेता दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. याच कथेवर १९२८मध्ये ‘खून-ए-नाहक’ नावाचा मूकपटही निघाला होता. मूकपटांत हॅम्लेट पूर्वीही आला होता (१९२१च्या जर्मन चित्रपटात आस्टा नीलसन या अभिनेत्रीने ती भूमिका केली), म्हणून ‘खून का खून’ला सरसकट ‘पहिला’ म्हणणे योग्य नाही. बोलपटातील अगदी आरंभीच्या पूर्ण लांबीच्या ‘हॅम्लेट’पैकी एक, एवढे म्हणणे सुरक्षित.

मराठी वाचकाला हॅम्लेट तोवर नवा नव्हता. गोपाळ गणेश आगरकरांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात असताना हाती घेतलेले भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३मध्ये प्रसिद्ध झाले, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, गाजवला. मात्र आगरकरांचा ओढा मुळाबरहुकूम जाण्याकडे, तर अहसन यांचा मोकळ्या रूपांतराकडे. मोदींचे नाते या दुसऱ्या परंपरेशी आहे.

‘नाटकाचे नुसते चित्रीकरण’ असा शेरा या चित्रपटावर नेहमी मारला जातो. तो अर्धाच खरा आहे. आरंभीच्या बोलपटात संवाद आणि गाणी चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिपट्टीत शिरू नये म्हणून तो पेटीत बंद करावा लागे, म्हणजे तो हलवणे जड जाई. नटालाही लपवलेल्या मायक्रोफोनच्या टप्प्यात राहूनच बोलावे लागे. परंतु १९३५पर्यंत ही अडचण पुष्कळ सुटली होती. प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) चंद्रमोहनच्या डोळ्याचे जवळून घेतलेले दृश्य त्याआधी गाजून गेले होते. तेव्हा समोरासमोरची मांडणी, प्रेक्षकाकडे तोंड करून म्हटलेली भाषणे, प्रवेशाच्या शेवटी नटांनी स्थिर उभे राहून धरलेली ठाशीव ठेवण हा सारा पारशी रंगभूमीचा शैलीबद्ध वारसा मोदींनी जाणून ठेवला असावा. त्या रंगभूमीवर स्वगत हे मनातल्या मनात बोलणे नसतेच. ते पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचे असते, आणि तेथून ‘वन्स मोअर’ यावा अशी अपेक्षा असते. हॅम्लेटची घालमेल अशा खड्या आवाजात काय होत असेल, हा प्रश्न उरतोच. मोदींच्या पुढील बोलपटांतली संवादफेक ऐकली की त्याची थोडी कल्पना येते.

संगीत कन्हैया पवार यांचे असून गाण्यांची संख्या बरीच मोठी आहे. चाली आज ऐकायला मिळत नाहीत. नसीम बानू त्या वेळी शाळकरी वयाच्या होत्या. पुढे मोदींच्याच ‘पुकार’मधील (१९३९) नूरजहाँच्या भूमिकेमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. स्टेज फिल्म कंपनीने त्यानंतर शेक्सपिअरच्याच ‘किंग जॉन’ या नाटकावर आधारलेला ‘सैद-ए-हवस’ (१९३६) काढला. त्याच वर्षी मोदींनी मिनर्व्हा मूव्हीटोन स्थापन केली. ऐतिहासिक भव्यपटांसाठी ही संस्था ओळखली जाते. लांब, आलंकारिक संवादांची तिची ओढ याच नाटकी उमेदवारीतून आलेली दिसते.

हिंदीतील पुढचा महत्त्वाचा ‘हॅम्लेट’ किशोर साहू यांचा (१९५४). त्यात मुख्य भूमिका स्वतः साहू यांची, तर ऑफेलिया माला सिन्हा यांची होती. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४८च्या इंग्रजी चित्रपटाची त्यावर दाट छाया आहे असे समीक्षक सांगतात. पारशी रंगभूमीचे वळण तेथे फारसे उरलेले नाही.