'हर्र' गर्दीतून वेगळा का ऐकू येतो?

घसा जितका मोठा, तितकी आरोळी लांब जाते, असा सर्वसाधारण समज आहे. गणित मात्र वेगळं सांगतं. एक मीटरवरून ऐकलेली जोरदार हाक साधारण 85 ते 90 डेसिबलची असते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की त्यातले 6 डेसिबल जातात. दसपट ताकद लावली तरी हाक फार तर तिप्पट लांब पोचते, आणि तेवढ्यात घसा बसतो.

मग सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघते, तेव्हा वाद्यांच्या कल्लोळातही 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' मधला 'हर्र' कसा उठून येतो? त्याचं श्रेय बरंचसं त्या जोड 'र'ला आहे.

'र्र' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे सैल टेकलेलं असतं. फुफ्फुसातून आलेली हवा ते ढकलते. फट उघडली की हवा वेगाने निसटते, दाब घटतो आणि टोक पुन्हा वर खेचलं जातं. हे सेकंदाला सुमारे 25 वेळा घडतं. इतक्या वेगाने जीभ कुणी ठरवून हलवू शकत नाही, काम हवाच करते. जीभ ताठ धरली तर थरथर होत नाही. श्वास अपुरा पडला तर साधा 'र' उरतो. स्वरयंत्रातल्या पडद्यांचं कंपन आपल्या जागी चालूच असतं, जीभ फक्त त्या आवाजाची पातळी कमी-जास्त करत राहते.

ही वरखाली कानाला फार लवकर कळते. सेकंदाला चारच्या आसपास असेल तर हेलकावे सुटे ऐकू येतात. शिमग्याची बोंब नेमकी इथे बसते: पालथा हात तोंडावर चार-पाच वेळा आपटायचा, पण ओठांना चिकटवायचा नाही, नाहीतर आवाज आतच कोंडतो. विसाच्या पुढे गेलं की ठोके सुटे ऐकू येईनासे होतात आणि आवाज खडबडीत वाटू लागतो; 'हर्र'मधली सेकंदाला 25 वेळांची थरथर इथेच येते. सत्तरच्या आसपास हा खडबडीतपणा सर्वात जास्त जाणवतो.

किंकाळीचं बळही त्यातच आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांच्या किंकाळ्यांमध्ये सेकंदाला 30 ते 150 चढउतार ठळक सापडले. साध्या बोलण्यात ते जेमतेम असतात. असा आवाज ऐकला की मेंदूतला भीतीशी निगडित अमिग्डाला जास्त चेतवला जातो. धोक्याच्या भोंग्यांमध्येही हाच पट्टा आढळला. किंचाळताना हवेचा दाब इतका वाढतो की स्वरपडद्यांची लय बिघडते. म्हणजे जो बिघाड गायकाला नकोसा, तोच इथे उपयोगी.



मिरवणुकीनंतर आवाज बसतो, कारण सतत एकमेकांवर आदळून स्वरपडदे सुजतात. प्यायलेलं पाणी थेट त्यांच्यावर पडत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. पडदे ओले राहतात ते शरीरातल्या पाण्यामुळे. म्हणून आधीपासूनच थोडं थोडं पाणी प्यावं आणि नंतर दोन दिवस मोठ्याने बोलू नये. तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगराच असेल, तर सुंठ-खडीसाखर बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.