एक्सएमपी

एक्सएमपी : संगणकाच्या रॅम-स्टिकवरील एका लहान चिपमध्ये उत्पादकाने साठवून ठेवलेली, प्रमाण वेगापेक्षा जास्त वेगाची तयार जुळणी. पूर्ण नाव ‘एक्स्ट्रीम मेमरी प्रोफाइल’. वेग, टायमिंग (प्रत्येक कामाआधीच्या थांब्यांचे आकडे) आणि व्होल्टेज या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र असतात आणि बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ती चालू केली की तिन्ही एकदम लागू होतात. खोक्यावर ३२०० छापलेली डीडीआर४ स्टिक घरी २१३३ किंवा २४०० वर चालताना दिसते, तेव्हा बहुतेकदा स्टिक खराब नसते. ही जुळणी नव्या मदरबोर्डवर सहसा बंद असते, एवढेच.

रॅमने आपली ओळख मदरबोर्डला सांगण्याची सोय मात्र एक्सएमपीहून बरीच जुनी आहे. ७२ पिनांच्या सिम या जुन्या प्रकारच्या रॅम-स्टिकवर चार पिना त्यासाठी राखलेल्या असत. कोणती ग्राउंडला जोडली आहे आणि कोणती मोकळी, यावरून क्षमता व वेग ओळखला जाई. चार पिनांतून सोळाच संकेत निघतात, त्यामुळे ही पद्धत लवकरच अपुरी पडली. १६८ पिनांच्या डिम या पुढच्या प्रकाराबरोबर एसपीडी म्हणजे ‘सीरियल प्रेझेन्स डिटेक्ट’ ही व्यवस्था रूढ झाली. इंटेलच्या पीसी१०० विनिर्देशापासून, म्हणजे साधारण १९९८ च्या सुमारास, ती सर्वसामान्य झाली असे धरायला हरकत नाही. तिच्यात स्टिकवरील ईईप्रॉम चिप (वीज गेली तरी माहिती राखणारी) दोन तारांच्या बसवरून, म्हणजे माहितीच्या मार्गावरून, वाचली जाते. षोडशमान पद्धतीतील ५० ते ५७ हे पत्ते तिच्यासाठी वापरतात. नोंदीचा आकार डीडीआर३ मध्ये २५६, डीडीआर४ मध्ये ५१२ आणि डीडीआर५ मध्ये १०२४ बाइट झाला.

या नोंदीतला मुख्य भाग जेडेक ही मानक संस्था ठरवते. काही बाइट मोकळे राहतात. एक्सएमपीचा उगम इंटेलपासून सांगण्याची रीत आहे आणि नावापुरती ती बरोबर आहे. पण मोकळ्या बाइटांत जास्त वेगाची जुळणी लिहून ठेवण्याची कल्पना त्याआधी, २००६ मध्ये, एनव्हिडिया व कॉर्सेअर यांनी डीडीआर२ साठी आणलेल्या ईपीपीमध्ये दिसते. ईपीपी ९९ ते १२७ या बाइटांत राही. २००७ मध्ये डीडीआर३ साठी आलेली एक्सएमपी १७६ ते २५४ मध्ये बसते. तिचे पहिले दोन बाइट षोडशमानात ०सी आणि ४ए असतात; ते सापडले तरच बायोस पुढचा भाग वाचतो. त्यामुळे एक्सएमपीला ईपीपीचा पुढचा टप्पा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. २०१४ ची दुसरी आवृत्ती डीडीआर४ साठी होती, २०२१ ची तिसरी डीडीआर५ साठी. तिसरीत तीन जुळण्या उत्पादकाच्या आणि दोन वापरणाऱ्याने स्वतः लिहायच्या असतात. एएमडीने २०२२ मध्ये एक्स्पो हा स्वतःचा प्रकार आणला. त्याआधीच्या एएम४ (एएमडीचा जुना प्रोसेसर-सॉकेट) मदरबोर्डांवर डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी अशी नावे दिसतात. ती त्याच नोंदीची मदरबोर्ड-उत्पादकांनी केलेली बारशी आहेत.

एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंग (अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) की स्टिकचा छापील हक्काचा वेग, यावर दोन मते आहेत. विक्रेत्यांचा कल दुसऱ्याकडे असतो. इंटेल स्वतः तिला ओव्हरक्लॉकिंग म्हणते, आणि तेच ग्राह्य धरावे : स्टिकची हमी स्टिकपुरतीच असते, पण मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग) प्रोसेसरमध्ये असतो आणि त्याचा अधिकृत वेग वेगळा असतो. एएमडीच्या पहिल्या पिढीच्या रायझन प्रोसेसरला (२०१७) दोन सिंगल-रँक (चिपचा एकच गट असलेल्या) स्टिकवर २६६६ चा वेग अधिकृत होता, चार ड्युअल-रँक स्टिकवर फक्त १८६६. रायझन ७००० मालिकेत हेच आकडे दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६०० असे आहेत. म्हणूनच आठ-आठ जीबीच्या दोन चालू स्टिकशेजारी आणखी दोन बसवल्या की कालपर्यंत नीट चालणारा वेग कोसळतो.

मापनातला गोंधळ जुना आहे. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका आवर्तनात दोनदा माहिती पाठवते. ३२०० हा आकडा मेगाट्रान्सफरचा, घड्याळ १६०० मेगाहर्ट्‌झचे. सीपीयू-झेड हे साधन मेमरी टॅबवर १६०० दाखवते आणि ग्राहक अर्धी रॅम मिळाल्याची तक्रार घेऊन येतो. तक्रार खरी की नाही हे पाहायला त्या आकड्याची दुप्पट करावी. विलंबासाठी सीएल (मागितलेली माहिती मिळेपर्यंत लागणारी घड्याळाची आवर्तने) गुणिले २००० भागिले वेग हे सूत्र पुरते. ३२०० सीएल१६, ३६०० सीएल१८ आणि ६००० सीएल३० या तिन्हींचे उत्तर १० नॅनोसेकंदच येते. २१३३ सीएल१५ चे सुमारे १४. बँडविड्थसाठी, म्हणजे सेकंदाला किती माहिती जाते यासाठी, वेगाला ८ ने गुणावे; उत्तर एमबीत येते. ३२०० ची एकटी स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, २१३३ च्या दोन स्टिक ड्युअल चॅनेलमध्ये (दोन मार्गांनी एकाच वेळी) ३४.१ जीबी. तेव्हा एकच स्टिक असलेल्या यंत्रात एक्सएमपीपेक्षा दुसरी स्टिक सहसा जास्त उपयोगी.

एक्सएमपी चालू होतच नसेल तर आधी चिपसेट (मदरबोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) पाहावा. इंटेलच्या एच३१० व बी३६० वर २६६६ च्या पुढे जाता येत नाही, स्टिक कितीही महाग असो. इंटेलने साध्या चिपसेटना ही मोकळीक बी५६० व एच५७० पासून दिली, एच५१० ला नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात. पहिल्या व तिसऱ्यात लावल्या तर तारेचा पुढचा टोकाकडचा भाग लोंबता राहतो, तिथून सिग्नल परततो आणि जास्त वेगात चुका होतात.

चालू केल्यावर पडदा काळाच राहिला तर घाई करू नये. डीडीआर५ चे यंत्र पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंग (रॅमशी सिग्नल जुळवून घेणे) करताना काही मिनिटे घेते, आणि तेवढ्यात वीज बंद केल्याने काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खरेच अडकले असेल तर एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) वायर काढून बोर्डावरच्या, बायोसची मांडणी पुसणाऱ्या सीएमओएस पिना स्क्रूड्रायव्हरने पाच-दहा सेकंद जोडाव्यात, किंवा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढून ठेवावा. मग बायोस नवा करून एक्सएमपी पुन्हा लावावी, तरीही जमले नाही तर व्होल्टेज छापल्याप्रमाणे (डीडीआर४ ला बहुधा १.३५) आहे का ते तपासून वेग एक पायरी उतरवावा, ३२०० वरून २९३३. एएम५ (एएम४ नंतरचा सॉकेट) वर एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचे व्होल्टेज, १.३ च्या वर नेऊ नये. २०२३ मध्ये एएमडीने तीच मर्यादा घातली. एएम४ वर सीएल१५ लिहून १६ दिसले तर तो दोष नाही : गियर डाउन मोड ही बायोसमधली मेमरीची सोय विषम आकडा वरच्या सम आकड्यावर नेतो.

लावलेला वेग आपोआप उतरण्याची कारणे वेगळी. बायोस अद्ययावत केला की मांडणी मूळपदावर येते. ट्रेनिंग फसले तर काही बोर्ड गुपचूप प्रमाण वेगावर जातात. तिसरे कारण सेलचे. आपल्याकडे काम संपले की भिंतीवरचे बटण बंद करायची सवय असते; मग स्टँडबाय वीज नसल्याने सगळा भार सेलवर पडतो. सकाळी तारीख मागे गेलेली दिसली तर सेल बदलावा. स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याचा दुकानी उपाय संपर्क सुधारतो, वेग वाढवत नाही. रबराचा भुगा स्लॉटमध्ये राहिला तर उलट नवा दोष तयार होतो.

नवा वेग मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या साधनाच्या किमान चार पूर्ण फेऱ्यांनी तपासावा. एकही चूक चालत नाही, कारण चुकीचा बिट फाइलबरोबर डिस्कवर लिहिला जातो आणि दोष आठवड्यांनी, वेगळ्याच रूपात दिसतो.

बहुतांश लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्याय नसतो; तिथे स्टिकच्या जेडेक नोंदीत हवा तो वेग आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे.